दिवस कोरा गेला तर? विक्रीतल्या ‘पॉझिटिव्ह’पणाचा खरा हिशेब

इंदुरात सेल्सच्या नोकरीला लागलेल्या पोराला पहिल्या आठवड्यात तीन गोष्टी मिळतात: बॅग, बीटची (म्हणजे नेमून दिलेल्या दुकानांच्या फेरीची) यादी आणि ‘पॉझिटिव्ह रहायचं’ हा उपदेश. बॅगेतला माल त्याला समजावून सांगतात. बीटवर सुरुवातीला कोणीतरी सोबत फिरतं. पण पॉझिटिव्ह रहायचं म्हणजे सकाळी साडेदहाला सियागंजच्या घाऊक बाजारात उभं राहून नेमकं करायचं काय, हे कोणी सांगत नाही. मग तो आपल्या परीनं अर्थ लावतो. चेहरा हसरा ठेवतो, ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर उगवत्या सूर्याचं चित्र टाकतो, आणि चौथ्या दुकानातून ‘आज नहीं’ ऐकून बाहेर पडला की आतून खचतो. आपण खचलो, म्हणजे आपल्यात पॉझिटिव्हपणा नाही, हे दुःख वर वेगळं.

या विषयावर मानसशास्त्रात बरंच काम झालंय, आणि गंमत म्हणजे त्यातला मोठा भाग हसण्याबिसण्याचा, उत्साहाचा नाहीच. तो कारणं शोधण्याचा आहे. नकार मिळाल्यावर माणूस स्वतःला त्याचं काय कारण सांगतो, यावर तो पुढच्या दुकानात कसा शिरणार हे ठरतं.

१९८० च्या दशकात अमेरिकेतली मेट्रोपॉलिटन लाइफ ही विमा कंपनी एका जुन्याच अडचणीत होती. दरवर्षी हजारो एजंट भरती करायचे, शिकवायचे, आणि त्यातले निम्मे वर्षभरात सोडून जायचे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन यांनी एजंटांना एक प्रश्नावली भरायला दिली. ‘तुम्ही आनंदी असता का’ असले प्रश्न तिच्यात नव्हते. काही बऱ्या-वाईट घटना दिल्या होत्या आणि विचारलं होतं की हे तुमच्या बाबतीत घडलं तर त्याचं कारण काय असेल. उत्तरांवरून आशावादी ठरलेल्या वरच्या निम्म्या एजंटांनी पहिल्या दोन वर्षांत खालच्या निम्म्यांपेक्षा ३७ टक्के जास्त विमा विकला. अगदी वरच्या दहा टक्क्यांनी अगदी तळाच्या दहा टक्क्यांपेक्षा ८८ टक्के जास्त. सेलिगमन आणि पीटर शुलमन यांनी हे १९८६ मध्ये प्रसिद्ध केलं.

मला त्याच्या पुढचा प्रयोग जास्त आवडतो. कंपनीच्या नेहमीच्या भरती परीक्षेत नापास झालेले, पण या प्रश्नावलीत चांगले आशावादी ठरलेले काही उमेदवार मुद्दाम कामावर घेतले. नेहमीच्या वाटेनं आलेल्या निराशावादी एजंटांपेक्षा त्यांनी पहिल्या वर्षी २१ टक्के जास्त धंदा केला आणि दुसऱ्या वर्षी ५७ टक्के जास्त. दुसऱ्या वर्षी फरक वाढला, याकडे बघा. पहिल्या वर्षी ओळखीपाळखी असतात, नातेवाईक पॉलिसी घेतात, नवी उमेद असते. ते सगळं संपल्यावर टिकतो कोण, ते दुसऱ्या वर्षी कळतं. अभ्यास विम्याचा आणि परदेशातला आहे, त्यामुळे हेच आकडे मालव्यात जसेच्या तसे निघतील असं नाही. पण रोज अनोळखी माणसाचा नकार ऐकायचा, हे काम तिथलं नि इथलं एकच.

आता ही ‘कारणं’ म्हणजे काय, ते सियागंजातच बघू. भाद्रपदातले शेवटचे पंधरा दिवस. मसाल्याच्या एका नव्या कंपनीचा पोरगा गादीसमोर उभा आहे. शेठचा फोन खांद्यात धरलेला, एका हातात पावतीपुस्तक, आणि मुनीम मागून कुठल्यातरी हळदीच्या गोणीबद्दल ओरडतोय. पोरगा दोन पाकिटं पुढे करतो. शेठ पाकीट उलटं करून भाव बघतात, परत ठेवतात आणि फोनवरचं बोलणं न थांबवता म्हणतात, ‘अभी श्राद्ध चल रहे हैं भिया, बाद में देखेंगे.’

पोरगा बाहेर येऊन वहीत लिहितो: ‘नाही घेत.’

दुसऱ्या कंपनीचा पोरगा त्याच गादीवरून तेच वाक्य ऐकून येतो. तो लिहितो: ‘श्राद्धपक्ष. नवरात्रात परत. पाकीट उलटं करून भाव पाहिला. १०० ग्रॅमचं विचारणार बहुतेक. सकाळी फोन फार, चारनंतर जाणं.’

दोघांच्या स्वभावाबद्दल आपल्याला काहीच माहीत नाही. पहिला कदाचित जास्त हसरा असेल. पण त्याच्या दोन शब्दांत तीन गोष्टी लपल्यात, आणि सेलिगमन यांनी नेमक्या याच तीन सांगितल्यात. पहिली, कारण कायमचं आहे की तात्पुरतं. ‘नाही घेत’ हे कायमचं झालं, ‘श्राद्धपक्ष’ पंधरा दिवसांत संपतो. दुसरी, कारण सगळीकडे पसरलेलं आहे की एका जागेपुरतं. पहिला पोरगा संध्याकाळपर्यंत ‘सियागंजात कोणी घेत नाही’वर येतो आणि रात्री जेवताना ‘मला सेल्स जमत नाही’वर. तिसरी, कारण माझ्यात आहे की बाहेर. शेठ फोनवर होते, त्यात त्या पोराचा काही दोष नव्हता.

इथे एक पळवाट असते, ती बंद करून टाकतो. कारण बाहेरचं मानायचं म्हणजे स्वतःची चूक झाकायची असं नव्हे. भाव पाठ नव्हता, स्कीम चुकीची सांगितली, मागच्या वेळी एक्सपायरीचा माल परत नेतो असं सांगून नेलाच नाही, ही कारणं आपलीच असतात आणि आपलीच म्हणायची. फक्त ती तात्पुरती आणि त्या जागेपुरती ठेवायची. ‘आज स्कीम चुकीची सांगितली’ असं म्हटलं तर रात्री स्कीम पाठ करता येते. ‘मी मुळातच बावळट आहे’ यावर रात्री करण्यासारखं काहीच नसतं.

मालव्यात नकाराची कितीतरी कारणं पंचांगात आणि पिकात सापडतात. श्राद्धपक्षात, खरमासात लोक नवी खरेदी पुढे ढकलतात. मार्चअखेर हिशेबाची घाई असते. देपालपूर, सांवेरकडच्या दुकानांत पैसा खेळतो तो सोयाबीन निघाल्यावर, म्हणजे साधारण ऑक्टोबरपासून, आणि मग गहू आल्यावर. ऑगस्टमध्ये तिथला दुकानदार तोंड वाकडं करतो, कारण त्याच्याच गिऱ्हाईकाची पेरणीची उधारी अजून फिटलेली नसते. आणि रंगपंचमीला राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, चालू असताना त्या भागात ऑर्डर मागायला जाणाऱ्याला तर पॉझिटिव्हच नव्हे, आणखीही काही म्हणता येईल.

आपल्या मराठी घरांचं थोडं वेगळं आहे, ते सांगायलाच हवं. इंदूरची बरीच मराठी कुटुंबं होळकरांच्या चाकरीच्या निमित्तानं आली आणि पुढे शाळा, कोर्ट, बँका, सरकारी कचेऱ्यांत रुळली. बाजारपेठा मात्र मारवाडी, गुजराती, सिंधी, बोहरी मंडळींच्या हातात राहिल्या. त्यामुळे राजेंद्रनगर-लोकमान्यनगरच्या घरातला पोरगा बॅग घेऊन निघाला की घरातलं कोणीतरी हळूच विचारतं, ‘दारोदार फिरायचं असतं का रे?’ त्या प्रश्नात काळजी असते, पण थोडी लाजही असते. बाजारात वाढलेल्या मुलानं लहानपणापासून गल्ल्यावर बसून बापाला दिवसभर नाही म्हणताना आणि नाही ऐकताना पाहिलेलं असतं. त्याच्यासाठी ‘नाही’ म्हणजे भाव जमला नाही. आपल्याकडे तेच ‘नाही’ स्वतःचा अपमान वाटतं. म्हणजे ती तिसरी गोष्ट, कारण माझ्यात की बाहेर, तिचं उत्तर आपल्या मुलाला घरातूनच चुकीचं पढवलेलं असतं. भीड भिकेची बहीण हे आपणच म्हणतो, आणि मुलांना भिडस्तही आपणच करतो.

आता थोडं गणित. मला वाटतं, सेमिनारमधल्या दोन तासांच्या टाळ्यांपेक्षा या पाच मिनिटांच्या गणितानं माणूस जास्त सावरतो.

समजा तुमच्या मालाला सरासरी दहा दुकानांमागे एक ऑर्डर मिळते आणि तुम्ही दिवसाला पंधरा दुकानं करता. सगळं व्यवस्थित चाललंय, माल चांगला आहे, तुम्हीही चांगले आहात. तरी एखादा दिवस पूर्ण कोरा जाण्याची शक्यता किती? एका दुकानात नकाराची शक्यता ०.९. पंधराही दुकानांत नकार मिळायचा तर ०.९ पंधरा वेळा मांडून गुणाकार करायचा. उत्तर येतं ०.२०६. म्हणजे साधारण दर पाच दिवसांतला एक दिवस कोरा. महिन्याचे पंचवीस दिवस काम धरलं तर पाच दिवस एकही ऑर्डर नाही, आणि त्यात कोणाचीच काही चूक नाही. सलग वीस नकार मिळण्याची शक्यता १२ टक्के आहे, सलग तीसची ४ टक्के. वर्षभरात हे सगळं तुमच्या वाट्याला येणारच.

बाजार तर याहूनही लहरी असतो. वरच्या गणितात प्रत्येक दुकान स्वतंत्र धरलंय. खऱ्या बाजारात श्राद्धपक्ष आला की सगळी दुकानं एकदमच नाही म्हणतात आणि धनत्रयोदशीच्या आधी सगळीच घेतात. त्यामुळे कोरे दिवस एकाला लागून एक येतात. सलग तीन दिवस कोरे गेले की पोरगा राजीनाम्याचा मजकूर जुळवू लागतो. त्याला कोणी हे गणित दाखवलेलं नसतं.

हेच गणित उलट्या बाजूनंही वापरायचं, नाहीतर ते नुसतं सांत्वन होईल. महिन्याच्या ३७५ भेटी, सरासरी ३७-३८ ऑर्डरी. नशिबाच्या चढउतारानं हा आकडा एखाद्या महिन्यात २६ पर्यंत उतरेल किंवा ४९ पर्यंत चढेल, तिथवर काळजी नको. पण भेटी पूर्ण होऊनही दोन महिने अठरा-वीसवरच अडकलात, तर त्याला नशीब म्हणू नका. काहीतरी खरंच बिघडलंय. भाव चढा असेल, स्पर्धक जास्त मार्जिन देत असेल, बीटची यादी जुनी असेल, पाकिटाचा साइझ चुकला असेल. अशा वेळी ‘पॉझिटिव्ह रहा’ म्हणणारा मॅनेजर त्या पोराचं नुकसान करतो. कारण दुरुस्त करण्याजोगी गोष्ट तो त्याच्या मनावर ढकलतो.

मॅनेजरचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक संशोधन सांगतो. याच सेलिगमन यांनी १९६७ मध्ये स्टीव्हन मायर यांच्यासोबत कुत्र्यांवर प्रयोग केले होते. आज वाचतानाही नकोसे वाटतात. काही कुत्र्यांना विजेचे झटके असे दिले की काहीही केलं तरी ते थांबत नसत. पुढे त्यांना अशा जागी ठेवलं जिथे छोटा अडसर ओलांडला की सुटका होती. त्यातली बरीचशी उडीच मारेनात, पडून राहिली. ज्यांना आधी झटका थांबवता येत होता, ती उडी मारून सुटत. याला ‘शिकलेली असहायता’ असं नाव पडलं आणि हरत गेलं की माणूस हार शिकतो, हे अनेक वर्षं सगळे सांगत राहिले.

२०१६ मध्ये त्याच दोघांनी मेंदूवरचं नवं संशोधन मांडून स्वतःचीच मांडणी उलटवली. असहायता शिकावी लागत नाही, असं ते म्हणाले. फटके बसत राहिले की गप्प पडून राहणं ही मेंदूची मूळचीच प्रतिक्रिया आहे. शिकावं लागतं ते ‘माझ्या करण्यानं काही बदलतं’ हे. ते एकदा शिकलं की मेंदूचा पुढचा भाग ती मूळ प्रतिक्रिया दाबून धरतो.

सेल्सच्या भाषेत याचा अर्थ फार सरळ आहे. नव्या पोराला त्याच्या हातात असलेल्या गोष्टींवर मोजा. एफएमसीजीमध्ये, म्हणजे मसाले-साबणासारख्या रोजच्या मालाच्या धंद्यात, टोटल कॉल आणि प्रॉडक्टिव्ह कॉल असे दोन आकडे रोज लिहितातच. किती दुकानांत गेला हा पहिला आकडा त्याच्या हातात आहे. किती ठिकाणी बिल कटलं हा दुसरा, त्यात बाजाराचाही वाटा आहे. पहिले तीन महिने संध्याकाळच्या फोनवर पहिल्यावर बोला: किती भेटी, किती परतभेटी ठरल्या वेळी झाल्या, किती जणांकडे आधीच्या तक्रारीचं उत्तर घेऊन गेलास. बहुतेक ठिकाणी उलटंच चालतं. रात्री नऊला ग्रुपवर टार्गेटच्या टक्क्यांची उतरती यादी, तळाच्या तिघांची नावं लाल रंगात, आणि खाली टाळ्यांचे इमोजी. त्या तिघांपुरता हा न थांबणारा झटकाच असतो.

घरीही हे जमतं. माझा पुतण्या पाण्याचे फिल्टर विकतो. एका संध्याकाळी येऊन सोफ्यावर आडवा झाला.

‘काका, आज कोणीच घेतलं नाही.’

‘कोणीच म्हणजे? भेटलास किती जणांना?’

‘सहा घरं. त्यात तीन बंदच होती.’

‘म्हणजे तीन जणांनी नाही म्हटलं.’

‘दोन. तिसऱ्या वहिनी म्हणाल्या, हे आल्यावर रविवारी या.’

‘कोणीच’चे दोन झाले. त्याची विक्री काही वाढली नाही, पण रविवारचं एक काम वहीत आलं.

आता स्वप्नांबद्दल. विजयनगरकडच्या हॉटेलांत होणाऱ्या शिबिरांत हमखास सांगतात की डोळे मिटा, आपली गाडी बघा, आपलं दुकान बघा. याबद्दल मी फारसा सौम्य नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएल ओटिंगन यांनी शिक्षण संपवून नोकरी शोधणाऱ्या तरुणांचा दोन वर्षं मागोवा घेतला. यशाची गोड चित्रं जास्त रंगवणाऱ्यांनी कमी अर्ज केले होते, त्यांना नोकऱ्या कमी मिळाल्या आणि पगारही कमी. २०११ च्या एका अभ्यासात अशी कल्पनाचित्रं रंगवल्यावर लोकांचा रक्तदाब उतरलेला, म्हणजे अंगातली तयारीच सैल झालेली दिसली. मनाला वाटतं, पोचलोच की आपण. अनुभवावर उभी असलेली अपेक्षा मात्र उलट काम करते. मागच्या वेळी चारपैकी एकानं घेतलं होतं, या वेळीही कोणीतरी घेईल, असं म्हणणारे जास्त धडपडतात.

ओटिंगन यांनी सांगितलेली रीत अशी: हवं ते ठरवा, ते मिळालं तर काय होईल हे क्षणभर बघा, आणि लगेच त्याच्या आड येणारी आपली स्वतःची अडचण शोधा. तिला मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांच्या ‘जर-तर’ची जोड देतात. ‘जर शेठ फोनवर असतील, तर मी दुकानातल्या पोराकडून शेल्फवरचा उरलेला माल मोजून घेईन.’ ‘जर ते म्हणाले की दुसरी कंपनी जास्त देते, तर मी लगेच भाव उतरवणार नाही, आधी विचारेन की परतीचा माल ती घेते का.’ आधी ठरवलेलं असलं की ऐन वेळी डोकं चालवावं लागत नाही. आणि नकार ऐकल्यानंतरच्या दोन मिनिटांत कोणाचंच डोकं नीट चालत नाही.

हसण्याबद्दलही दोन शब्द. समाजशास्त्रज्ञ अर्ली हॉकशिल्ड यांनी १९८३ मध्ये दाखवलं की नोकरीसाठी ठरावीक भाव चेहऱ्यावर वागवणं हेसुद्धा श्रमच आहेत. त्यांनी विमानातल्या सेविका पाहिल्या, ज्यांना गोड राहायचा पगार मिळतो, आणि थकबाकी वसूल करणारे पाहिले, ज्यांना कडक राहायचा. दोघंही थकतात. दिवसभर हसून आलेला माणूस घरी अर्धा तास कोणाशी बोलला नाही तर त्याला तुसडा म्हणू नये. मात्र झोप उडाली, भूक गेली, आवडत्या गोष्टींतही मन लागेनासं झालं आणि हे दोन आठवड्यांपलीकडे टिकलं, तर तो विषय विक्रीचा राहत नाही. डॉक्टरांकडे जायचं. केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास फुकट मिळते. तिथे फोन करणं म्हणजे टार्गेटला हरणं नव्हे.

आणि वसुलीचं नाव निघालं म्हणून उधारी. इथे मी आशावादाच्या साफ विरुद्ध आहे. एका अपयशाची किंमत लहान असेल तिथेच आशावाद परवडतो, असं खुद्द सेलिगमन यांचंही म्हणणं आहे. दुकानात शिरून नकार मिळाला तर पाच मिनिटं गेली. नव्वद दिवसांची उधारी बुडाली तर कित्येक महिन्यांचा नफा गेला. म्हणून विक्री करणारा आशावादी हवा आणि हिशेब ठेवणारा शंकेखोर. आपल्या छोट्या धंद्यांत दोन्ही टोप्या एकाच डोक्यावर असतात आणि गडबड तिथे होते. ‘दे देंगे भिया, भागे थोड़ी जा रहे हैं’ हे वाक्य सकाळच्या उमेदीत ऐकलं की पटतं. ते वहीसमोर बसून ऐकायचं. मागचं बिल किती दिवसांचं, त्यातले किती आले, नवा माल उचलताना जुन्यापैकी काही जमा केलं का. कित्येक दुकानांत ही चौकशी मालकाची बायको करते आणि सेल्सची पोरं तिला खडूस म्हणतात. म्हणोत. दिवाळीचा माल भरायच्या आधी तिनं मागच्या दिवाळीचा पडून राहिलेला माल आणि अजून न आलेली रक्कम असे दोन आकडे कागदावर काढून दिले, तर नव्या ऑर्डरीचा आकडा ते बघूनच लिहावा.